मंडळीत ढोल कसा आला



आदिवासी पाड्यांवरील मंडळ्यांसाठी साउंड सिस्टिम घेऊन द्यायची आहे, असे सांगणारे देणगीदार अलीकडे वारंवार भेटतात. त्यांची भावना चांगलीच असते. त्याच वेळी काही जुने सभासद म्हणतात, की गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावरची गीते आली तेव्हाच आपली प्रेस्बिटेरियन उपासना गेली. आता पाड्यांवरही तेच होणार का? या दोघांनाही उत्तर द्यायचे तर ‘प्रेस्बिटेरियन उपासना’ म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागेल. त्यासाठी मिझोरामच्या मंडळीचा इतिहास उपयोगी पडतो, कारण वाद्यांचा हाच प्रश्न तिथे शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

प्रेस्बिटेरियन हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘वडील’. म्हणजे आपल्या पंथाचे नाव कोणा संस्थापकावरून किंवा देशावरून पडलेले नाही, तर कारभाराच्या पद्धतीवरून पडले आहे. बिशप नाही आणि एकटा पाळकही सर्वाधिकारी नाही. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून निर्णय घेतात. श्रद्धेचा मजकूर लंडनमध्ये 1643 साली भरलेल्या वेस्टमिन्स्टर सभेने ठरवला. विश्वासांगीकार आणि 107 प्रश्नांची लघु प्रश्नोत्तरावली ही त्याच सभेची देणगी. उपासनेसाठी मात्र या सभेने ठरीव प्रार्थनांचे पुस्तक दिले नाही. 1645 साली दिली ती एक मार्गदर्शिका. शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, स्तोत्रगायन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे असलेच पाहिजे. शब्द पाळकाने जबाबदारीने योजावेत. देवाने वचनात सांगितले तेवढेच उपासनेत असावे, हे त्यामागचे तत्त्व.

हे तत्त्व स्कॉटलंडने फार कडक पाळले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे फक्त स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे, तीही वाद्यांशिवाय गायली जात. पुस्तके कमी आणि वाचणारेही कमी. म्हणून एक जण ओळ म्हणे आणि सारी मंडळी ती उचलून घेई. कीर्तनात झीलकरी साथ करतात ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना ही रीत फार परकी वाटणार नाही. 1860 च्या दशकात एडिनबरोच्या ग्रेफ्रायर्स मंडळीत ऑर्गन आला तेव्हा मोठा गदारोळ झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने तर वाद्यांना आणि इतर गीतांना परवानगी दिली ती थेट 2010 साली. याच फ्री चर्चचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरास आले. त्यांनी गोंडांमध्ये फिरून लिंगोचे दीर्घ गीत गोंडी भाषेत उतरवून घेतले. 1863 साली ते नदीत बुडून मरण पावले आणि त्यांचे कागद 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. गोंडांनाही स्वतःचे गाणे आहे, याची लेखी नोंद करणारा हा एक प्रेस्बिटेरियन मिशनरी होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

ईशान्येत आले ते वेल्समधले मिशनरी. थॉमस जोन्स 1841 साली चेरापुंजीला पोहोचले. मिझो टेकड्यांत 1894 साली लोरेन आणि सॅव्हिज या दोघांनी भाषेला रोमन लिपी दिली, आणि 1897 साली डी. ई. जोन्स यांच्या येण्याने वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनचे काम सुरू झाले. वेल्सची मंडळी श्रद्धेने कॅल्विनपंथी होती. 1823 साली तिने स्वतःचा विश्वासांगीकारही केला होता. पण गाण्याच्या बाबतीत ती स्कॉटलंडसारखी नव्हती. तिथे चार स्वरांत गीते गाण्याची जबरदस्त आवड. ही गीते मिशनऱ्यांनी सोबत आणली, आणि त्यांबरोबर टॉनिक सोल्फाही. यात सूर साध्या अक्षरांनी लिहिले जातात, पाच रेघांची स्वरलिपी लागत नाही. छापायला स्वस्त आणि शिकायला सोपे. मिझो गीतपुस्तकात आजही गीताबरोबर सोल्फा छापलेला असतो.

मिझोंचे स्वतःचे वाद्य म्हणजे खुआंग. पोकळ केलेल्या लाकडी खोडाच्या दोन्ही तोंडांवर चामडे ताणून केलेला हा ढोल. गावातल्या सणांत तांदळाच्या दारूबरोबर आणि जुन्या विधींबरोबर तो वाजे. त्यामुळे पहिल्या विश्वासणाऱ्यांनी तो मंडळीबाहेर ठेवला. हे फक्त गोऱ्या मिशनऱ्यांचे काम होते, असे समजू नये. ज्यांनी ते जीवन नुकतेच सोडले होते त्यांना स्वतःलाच ढोलाचा आवाज नको होता. शिवाय 1908 च्या सुमारास ‘पुमा झाई’ नावाच्या गाण्यांची लाट गावोगाव पसरली होती, आणि ती नव्या धर्माच्या विरोधात वापरली जात होती. अशा वेळी ढोल दूर ठेवणे शहाणपणाचेच होते, असे मला वाटते.

मग संजीवनाच्या लाटा आल्या. 1904-05 साली वेल्समध्ये, त्यानंतर खासी टेकड्यांत, आणि 1906 साली मिझोंमध्ये. पुढे 1913 आणि 1919 सालीही. भाषांतरित गीते आणि वेल्श चाली लोकांच्या हृदयातले सगळे बोलायला पुरेनात. पाटेआसारखे मिझो गीतकार लिहू लागले. त्यांच्या ओळींत मिझो डोंगर होते, गेलेल्यांची आठवण होती, स्वर्गीय घराची ओढ होती. 1919 च्या संजीवनाच्या सुमारास खुआंग उपासनेत आला. संथ चालीत, सगळ्यांनी एकत्र गायचे ‘लेंगखोम’ गायन त्यातून घडले. गाणे सुरू असताना एक जण पुढची ओळ आधी उच्चारतो आणि मंडळी ती उचलते. स्कॉटलंडच्या खेड्यांत चालत असे तीच रीत, पण ढोलाच्या ठेक्यावर! मिशनऱ्यांना आणि काही वडिलांनाही हे सहज पचले नाही. वाद बरीच वर्षे चालला. आज मात्र मिझो प्रेस्बिटेरियन मंडळीत वेदीजवळ ठेवलेला खुआंग हीच ‘जुनी परंपरा’ आहे, आणि ड्रमसेटच्या गलबल्यात ती हरवू नये म्हणून वडीलधारे काळजी करतात.

यावरून एवढेच म्हणायचे की कोणतेही वाद्य पवित्र, म्हणून सगळेच चालते? नाही. खुआंग आत आला तेव्हा उपदेश मागे पडला नाही, शास्त्रवाचन कमी झाले नाही, आणि मुख्य म्हणजे मंडळी गप्प बसली नाही. उलट ज्यांना वाचता येत नव्हते तेही गाऊ लागले. प्रेस्बिटेरियन उपासनेची कसोटी लावायची तर ती इथे लावावी. धर्मसुधारणेआधीच्या युरोपात लोक पाहत आणि गायकवृंद गाई. सुधारकांनी गाणे लोकांच्या तोंडी दिले. आज झगमगत्या मंचावर चार जण गातात आणि दोनशे जण मोबाइलवर चित्रण करतात, तेव्हा आपण सुधारणेच्या मागे जातो, मग गाणे 1650 च्या स्तोत्रसंग्रहातले का असेना. ऑर्गनवाल्या जुन्या मंडळ्यांनीही स्वतःला हा प्रश्न विचारावा. आवाज फक्त ऑर्गनचाच येत असेल तर तिथेही तेच झाले आहे.

मिझो मंडळीने जपलेल्या इतर गोष्टी कमी दिसतात, पण माझ्या मते ढोलापेक्षा महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे वडील. मिझो भाषेत मंडळीच्या वडिलांना ‘उपा’ म्हणतात. हा शब्द गावच्या सरदाराच्या सल्लागारांसाठी होता. सरदाराचे उपा सरदार नेमी. मंडळीचे उपा सभासद निवडतात. सरदारकी 1954 च्या कायद्याने संपली, पण त्याच्या कितीतरी आधी मिझो माणूस आपला वडील स्वतः निवडायला मंडळीत शिकला होता. एका पाळकाकडे अनेक गावे असल्याने गावची मंडळी प्रत्यक्षात हे उपाच चालवतात. दुसरी म्हणजे संडे स्कूल. तिथे ते फक्त मुलांसाठी नसते. आजी-आजोबाही वर्गात बसतात आणि परीक्षाही होतात. प्रश्नोत्तरावलीची जुनी शिस्त अशी जिवंत राहिली आहे.

आणि मूठभर तांदूळ. 1910 पासून चाललेली ही रीत ‘बुहफाई थाम’ या नावाने ओळखली जाते. स्वयंपाकाला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ घरची बाई वेगळ्या भांड्यात टाकते. आठवड्याने मंडळीच्या स्त्रिया घरोघर जाऊन ते गोळा करतात, विकतात आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. ज्या घरात रोकड नव्हती त्या घरालाही यामुळे दानार्पण करता आले. आज या मुठींतून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात आणि मिझोरामबाहेरच्या सेवाकार्यालाही पोहोचतात. एकेकाळी ज्यांना मदत पाठवली जाई तेच आता पाठवतात.

आपल्या मराठी भूमीवर चित्र थोडे वेगळे आहे. इथल्या अनेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या 1924 च्या युनायटेड चर्चमधून पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. ईशान्येतल्या वेगळ्या राहिल्या. आपल्याकडे परदेशी चालींबरोबर अभंग आणि ओवी उपासनेत आली ती मुख्यतः रेव्ह. नारायण वामन टिळकांमुळे. ते अमेरिकन मराठी मिशनचे, प्रेस्बिटेरियन नव्हेत. पण त्यांची गीते आज कोणत्या मराठी मंडळीत गात नाहीत? मात्र पाड्यावरच्या भिल्ल किंवा वारली विश्वासणाऱ्याला टिळकांची मराठीही घरची भाषा नसते. त्याला आपण मराठी गीतपुस्तक देतो आणि त्याने मनापासून गावे अशी अपेक्षा करतो. वेल्श मिशनऱ्यांची सुरुवातीला जी चूक झाली तीच आपणही करत आहोत का, हे तपासायला हवे. त्यांच्या ढोलाचे, तारप्याचे, नाचाचे काय करायचे, हेही आपण शहरात बसून ठरवू नये. जुन्या पूजाविधींशी त्यांचे नाते किती घट्ट आहे, हे तिथल्या विश्वासणाऱ्यांनाच कळते. मिझोंना त्यासाठी वीस-पंचवीस वर्षे लागली.

म्हणून साउंड सिस्टिम देऊ इच्छिणाऱ्या बंधुभगिनींना विनंती, की आधी त्या पाड्यावरच्या वडिलांच्या सभेत हा विषय जाऊ द्या. त्यांना कदाचित त्यांच्या बोलीतल्या गीतांची छोटी पुस्तिका हवी असेल, किंवा प्रौढांच्या संडे स्कूलसाठी शिक्षकाचा प्रवासखर्च. कदाचित साउंड सिस्टिमच हवी असेल. तसे असेल तर ती जरूर द्यावी, पण बॅटरीवर चालणारी द्यावी, कारण पावसाळ्यात पाड्यावर वीज गेली की ती केव्हा येईल याचा भरवसा नसतो.