कुरणास विश्रांति हवी

आमच्या सुरगाणा तालुक्यांत पाऊस दांडगा, डोंगर हिरवेगार. तरीही वैशाखांत गुरांच्या बरगड्या मोजतां येतात. कारण विचारलें तर ‘गुरें फार झालीं’ एवढेंच उत्तर मिळतें. तें अर्धेंच खरें आहे. गुरें किती आहेत, यापेक्षां एकाच गवतावर तीं किती दिवसांनीं पुन्हां येतात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम गवताची प्रकृति पाहूं. मृगाच्या सरींनंतर दिसणारा कोंब मुळाशीं असलेल्या जुन्या सांठ्यावर उगवतो. पानें वाढून सूर्यप्रकाशांत अन्न तयार करूं लागलीं म्हणजे तो सांठा भरून येतो. त्यापूर्वींच कोंब वारंवार खुडला गेला तर मूळ आखूड होतें, माती धरून ठेवण्याची त्याची शक्ति जाते, आणि उतारावरील माती नार-पार नद्यांस मिळते. शिवाय मारवेल, पवन्या, शेडा हीं चवीचीं गवतें गुरें आधीं खातात, म्हणून तींच आधीं नाहींशीं होतात. मागें कुसळी माजते. तिचीं पिकलेलीं कुसळें जनावराच्या तोंडांत रुततात. फ्रान्समधील आंद्रे व्हॉयझिन यांनीं १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत हेंच तत्त्व मांडलें कीं, कुरणाची हानि जनावरांच्या संख्येपेक्षां चराईच्या काळावर अवलंबून असते.

महसूल खात्यांत कारकून असतांना मीं गुरचरणाचें क्षेत्र नोंदवहींत पुष्कळदां लिहिलें. पण तेथें गवत आहे कीं खडक, हें नोंदवहींत दिसत नाहीं. सेवानिवृत्तीनंतर घरचा अकरा एकर माळ पाहिला, तेव्हां तीच गोष्ट नजरेस आली. सात डांगी जनावरें, आणि फाल्गुनांतच पेंढा संपलेला. त्या वर्षीं एक चांगला बैल विकावा लागला. डांगी जातीचें कातडें तेलकट असल्यानें तीं गुरें मुसळधार पाऊस सोसतात, त्यांचे खूरही टणक असतात; पण उपासमार कोणतीच जात सोसत नाहीं.

तेव्हां आम्हीं पुढील क्रम धरला. माळाचे सहा गट पाडून करवंदीचें कुंपण केलें. पावसाचे पहिले तीन आठवडे गुरें गोठ्यांतच ठेवावयाचीं; त्यासाठीं भाताचा पेंढा व नागलीचें काड राखून ठेवावयाचें. गवत वीतभर झालें कीं पहिला गट उघडावयाचा, आणि चार बोटें उरलें कीं बंद करावयाचा. एका गटास पांच दिवस, म्हणजे प्रत्येकास पंचवीस दिवसांची विश्रांति मिळते. दरवर्षीं एक गट बीं गळेपर्यंत राखून मग कापावयाचा. त्या वर्षीं फेरा पांच गटांचा, व विश्रांति वीस दिवसांची. पीक निघाल्यावर गुरें शेतांत सोडावयाचीं, म्हणजे शेण शेतास व विसांवा माळास मिळतो. माळास वणवा मात्र कदापि लावूं नये.

घरचा दिनक्रमही यामुळें बदलला. पहांटे सून धार काढते, मुलगा गोठा झाडून शेण उकिरड्यावर नेतो, आणि गट बदलण्याच्या दिवशीं मी पंचांगावर खूण करितों. पूर्वीं नातू दिवसभर गुरांमागें हिंडे. आतां तो शाळेंत जातो. तिसऱ्या वर्षीं शेडा पुन्हां दिसला व पेंढा वैशाखापर्यंत पुरला. एका गटांत खडक उघडा पडला आहे. तेथें अद्याप फरक नाहीं. गेलेली माती इतक्यांत परत येत नाहीं.

घरच्या माळावर हें एकट्यास साधतें. गुरचरणावर साधत नाहीं. तेथें एकानें राखलें तर दुसऱ्याचीं गुरें चरतात. म्हणून सगळ्या गांवाचा एकविचार हवा. नगरकडील हिवरे बाजारनें चराईबंदी करून आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवून तो साधला. आपल्याकडे वाघबारशीस गुराखी गुरांच्या रक्षणासाठीं वाघाची पूजा करितात. शेतकरी बंधूंनो, त्याच दिवशीं पुढील पावसाळ्यांत कोणता उतार बंद ठेवावयाचा, हेंही ठरवावें. वाघापासून राखलेलें गुरूं उपाशीं मेलें तर त्या पूजेचें फळ काय?