हेडफोनचा ॲम्प्लिफायर : अर्धशतकाचा मागोवा

उत्तम प्रतीचा हेडफोन प्रथमच घेणाऱ्या रसिकाला, त्याच्या जोडीस स्वतंत्र ॲम्प्लिफायर हवा की नको आणि हवा असेल तर कोणता, हा प्रश्न आज पहिल्याच दिवशी भेडसावतो. पन्नास वर्षांपूर्वी मात्र तो सहसा उपस्थितच होत नसे, कारण ज्याच्या घरी हेडफोन असे त्याच्या घरी स्टिरिओचा भारदस्त ॲम्प्लिफायर आधीच असे आणि त्याच्या दर्शनी पट्टीवर हेडफोनची तजवीज केलेली असे. लाउडस्पीकरकडे जाणारी वीज एका मोठ्या रेझिस्टरमधून गाळून हेडफोनला पुरवावी, हा त्या काळचा सर्रास शिरस्ता. 1968 साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी 414 हा कान न कोंडणारा, पिवळ्या गाद्यांमुळे प्रसिद्धीस आलेला हेडफोन आणला. त्याचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, 2000 ओहम असल्यामुळे वाटेतल्या त्या रेझिस्टरची त्याला फारशी बाधा होत नसे.

1979 साली सोनीचा वॉकमन आला आणि हा मेळ मोडला. दोन लहान सेलांच्या 3 व्होल्टांवर चालणाऱ्या यंत्राला थोड्या दाबात भागणारे, कमी ओहमचे हेडफोन लागतात, आणि त्यामुळे हेडफोनांची दोन घराणी झाली : एक खिशातले, एक दिवाणखान्यातले. पुढे दिवाणखान्यातले भारदस्त यंत्र हळूहळू अंतर्धान पावले, परंतु त्याच्या भरवशावर घडवलेले हेडफोन राहिले. 1997 चा सेनहायझर एचडी 600 हा 300 ओहमचाच होता. आजच्या नवशिक्याच्या बहुतेक संभ्रमाचे मूळ मला या विसंगतीत दिसते.

ती प्रथम ओळखणाऱ्यांत अमेरिकेतील माँटाना राज्यातली हेडरूम ही कंपनी होती. 1992 पासून तिने केवळ हेडफोनसाठी ॲम्प्लिफायर बनवले. 1998 च्या सुमारास चू मॉय यांनी एक मंडल सर्वांसाठी प्रसिद्ध केले : 9 व्होल्टांची बॅटरी, एक ऑप-अँप, मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर, आणि हा सारा संसार पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत. झाळणकामाचा गंध नसलेल्या कित्येकांनी ती डबी स्वहस्ते सिद्ध केली. आतले सर्व भाग उघड्या डोळ्यांनी दिसत असल्यामुळे ॲम्प्लिफायर नेमके काय करतो हे त्यांना जेवढे उमगले, तेवढे कोणत्याही माहितीपत्रकाने उमगले नसते.

त्यानंतर हेडफोनइतकीच रक्कम ॲम्प्लिफायरवर खर्चावी असा सल्ला रूढ झाला. माझ्या मते नवशिक्याचे त्याने नुकसानच केले, कारण स्वराचा पोत बव्हंशी हेडफोन ठरवतो आणि ॲम्प्लिफायरने आपले अस्तित्व जाणवू न देणे हेच त्याचे श्रेष्ठत्व. 2011 साली नाव गुप्त ठेवणाऱ्या एका अभियंत्याने ओ-2 नामक ॲम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा मोजमापांच्या दाखल्यांसह खुला केला आणि तो बनवून विकण्याची मुभा सर्वांना दिली. पुढल्याच वर्षी तो लेखनातून कायमचा नाहीसा झाला. 2012 अखेर शीट कंपनीचा मॅग्नी 99 डॉलरांना मिळू लागला, आणि स्वच्छ वर्धन ही श्रीमंतांची मिरास उरली नाही.

त्याच अभियंत्याने आग्रहाने मांडलेला एक दंडक आजही उपयोगी आहे : ॲम्प्लिफायरचा स्वतःचा, म्हणजे आउटपुटचा इंपीडन्स, हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. जुन्या शिरस्त्याला अनुसरून 1996 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने 120 ओहमांची शिफारस केली होती. तेवढा इंपीडन्स एचडी 600 पुढे आला तर, खर्जात या हेडफोनचा इंपीडन्स 500 ओहमांच्या घरात जात असल्यामुळे, डग्ग्याचा नाद सुमारे एक डेसिबलने फुगतो, आणि हे कित्येकांना रुचतेही. परंतु 32 ओहमचा आणि खर्जात दुप्पट होणारा हेडफोन तेथे जोडल्यास फुगवटा चार डेसिबलांहून अधिक होतो, आणि मग तबल्याची चाट डग्ग्याखाली दबून जाते.

राहिला बळाचा हिशेब, आणि तो कागदावर करता येतो. सेनहायझर एचडी 650 एक व्होल्टाला 103 डेसिबल देतो. क्षणिक उठावांसाठी 110 धरले तर सव्वादोन व्होल्ट, म्हणजे अवघे 17 मिलिवॅट लागतात. 2016 साली ॲपलने आयफोनमधून हेडफोनचे छिद्र काढून टाकले, तेव्हा त्याच्या बदली आलेले बोटभर ॲडॅप्टर एक व्होल्टाच्या आसपास देते. अलीकडच्या चढ्या आवाजात मुद्रित झालेल्या गीतांना तेवढे पुरेसे असते, मात्र विलंबित ख्यालाच्या जुन्या, हळुवार ध्वनिमुद्रणांत आलापीच्या मंद स्वरांशी ते अपुरे पडू शकते, आणि तेथे मी छोटा स्वतंत्र ॲम्प्लिफायर घ्या असेच म्हणेन. याच्या उलट टोकाला हायफायमनचा प्लेनर जातीचा एचई-6 : कंपनीच्या आकड्यांनुसार इंपीडन्स 50 ओहम आणि एका मिलिवॅटला 83.5 डेसिबल. त्याच 110 डेसिबलांसाठी तो सुमारे 450 मिलिवॅट मागतो, आणि म्हणून त्याचे कित्येक चाहते पुन्हा लाउडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरकडे वळले.