दहा सेकंदांची बॅटरी, वर्षभराचा चार्जर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून १३० मीटरचे दोन रूळ जोडून तयार झालेला २६० मीटरचा अखंड रूळ बाहेर पडतो. कोचीच्या गोदीत बांधलेली ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आहे. हा रूळ नौकेच्या लांबीत ठेवला तर टोकाला जेमतेम दोन मीटर जागा उरेल. हा योगायोग म्हणून सोडून देऊ. पण भिलाई आणि नौदलाचं नातं योगायोगाचं नाही. विक्रांतला लागलेलं सुमारे ३० हजार टन खास पोलाद ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला इथल्या कारखान्यांनी पुरवलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या दुर्ग जिल्ह्यातलं लोखंड २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या सेवेत रुजू झालं.

भिलाईचा कारखाना असो की कोचीची गोदी, वीज गेली की भिस्त डिझेल इंजिनावर असते. ते इंजिन सुरू करायला बॅटरी लागते आणि बॅटरी जिवंत ठेवायला चार्जर. या साखळीतली शेवटची कडी चार्जर, म्हणून खरेदीच्या यादीतही तो शेवटी येतो. निवडही बहुतेकदा चुकीचा आकडा पाहून होते.

जहाज जितकं मोठं तितकी इंजिन सुरू करणारी बॅटरी मोठी, असं कुणालाही वाटेल. हा अंदाज सपशेल चुकतो. २००६ साली समुद्रात उतरलेल्या ‘एम्मा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचं चौदा सिलिंडरचं इंजिन २,३०० टनांचं आहे. उंची साडेतेरा मीटर, ताकद १ लाख ८ हजार अश्वशक्तींहून अधिक. एकेका सिलिंडरचा व्यास ९६ सेंटिमीटर, पिस्टनची धाव अडीच मीटर. हे इंजिन सुरू करायला बॅटरी लागतच नाही. टाक्यांत ३० बार दाबाने भरून ठेवलेली हवा सिलिंडरमध्ये सोडतात आणि ती पिस्टन ढकलते.

पाणबुडीत बॅटरी असते, पण तिचं काम वेगळं. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘आयएनएस कलवरी’त ३६० सेल आहेत, प्रत्येक साडेसातशे किलोचा. म्हणजे नुसत्या बॅटरीचं वजन २७० टन. ती पाण्याखाली पाणबुडी चालवण्यासाठी आहे.

इंजिन सुरू करणारी बॅटरी जहाजावर खरी महत्त्वाची ठरते ती इमर्जन्सी जनरेटरपाशी. सागरी सुरक्षेचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार त्याबाबत कडक आहे. मुख्य वीज गेल्यावर जनरेटरने आपोआप सुरू होऊन जास्तीत जास्त ४५ सेकंदांत भार घ्यायचा. सुरू करण्याच्या साधनात लागोपाठ तीन प्रयत्नांची ताकद हवी. ते फसले तर अर्ध्या तासात आणखी तीन प्रयत्न करता येतील अशी दुसरी सोय हवी. त्यानंतर मालवाहू जहाजावर १८ तास आणि प्रवासी जहाजावर ३६ तास त्याने वीज पुरवायची. एवढं सगळं अवलंबून असतं ते बॅटरी इंजिन फिरवते त्या पहिल्या दहा सेकंदांवर.

त्या दहा सेकंदांचा हिशेब करू. मोठ्या इंजिनाचा २४ व्होल्टचा सेल्फ मारला की बॅटरीतून हजार अँपिअरच्या घरात करंट ओढला जातो. दहा सेकंद धरले, तर दहा हजार अँपिअर-सेकंद, म्हणजे २.८ अँपिअर-तास. बॅटरी २०० अँपिअर-तासांची असेल तर तिच्यातला दीड टक्कासुद्धा खर्च झाला नाही. कायद्यातले तिन्ही प्रयत्न दहा-दहा सेकंदांचे झाले तरी खर्च साडेआठ अँपिअर-तासांच्या आतच. मग बॅटरी एवढी मोठी का? कारण प्रश्न साठ्याचा नसतो, एका क्षणात हजार अँपिअर सोडण्याचा असतो.

हजार अँपिअरच्या जगात क्षुल्लक गोष्टीही क्षुल्लक राहत नाहीत. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचली, केबलच्या टोकाचा लग किंचित सैल झाला आणि जोडावर एक मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, रोध आला असं समजा. मल्टिमीटरला तो दिसतही नाही. सेल्फ मारताना मात्र त्या जोडावर एक व्होल्ट गळतो आणि तिथेच एक किलोवॅट उष्णता निर्माण होते, इस्त्रीइतकी. लग वितळलेला दिसला की दोष बॅटरीवर येतो आणि नवी बॅटरी त्याच सैल लगला जोडली जाते.

भिलाईतल्या माणसाला हे गणित रुळांवरही दिसतं. पोलाद कारखान्यांच्या यार्डात वापरली जाणारी डब्ल्यूडीएस-६ शंटिंग इंजिनं ‘अल्को २५१’ घराण्यातली. या घराण्याने रेल्वे ओढली, बोटी चालवल्या आणि नासाचं रॉकेट वाहून नेणारं सुमारे २,७०० टनी क्रॉलरही हलवलं. त्याच्या एका सिलिंडरचं आकारमान जवळजवळ ११ लिटर, सोळा सिलिंडरचं मिळून १७५ लिटर. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये हे धूड फिरवायला ८ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या असत, एकूण ३२ सेल, नाममात्र ६४ व्होल्ट. वेगळा सेल्फ नसे. मुख्य जनरेटरच काही क्षण मोटर होऊन इंजिन फिरवत असे. इंजिन सुरू झालं की ऑक्झिलरी जनरेटर ७२ व्होल्ट देऊ लागे. ७२ भागिले ३२ म्हणजे प्रत्येक सेलला बरोबर २.२५ व्होल्ट. लेड-ॲसिड सेल भरलेला ठेवायला २५ अंश तापमानाला साधारण एवढाच दाब लागतो.

धावत्या लोकोचा चार्जर लोकोसोबतच फिरतो. उभ्या जनरेटरचं तसं नाही. एका वर्षात ३ कोटी १५ लाख ३६ हजार सेकंद असतात. जनरेटरची दर आठवड्याला चाचणी घेतली आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद सेल्फ फिरला, तरी वर्षभरात बॅटरीने खरं काम केलं ५२० सेकंद. उरलेला सगळा काळ ती चार्जरला बांधलेली. प्रमाण एकास साठ हजार. म्हणून चार्जर निवडायचा तो या तीन कोटी सेकंदांसाठी.

आता दोन्ही बाजूंच्या चुका पाहू. पॅनेल, कंट्रोलर, अलार्मचे रिले मिळून अर्धा अँपिअर सतत खातात असं समजा. दिवसाला बारा अँपिअर-तास झाले, म्हणजे दहा सेकंदांच्या सेल्फच्या चौपटीहून जास्त. चार्जर बंद पडला आणि कुणाचं लक्ष नसलं, तर २०० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी सतराव्या दिवशी रिकामी. अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग कितीही चार्ज केलं तरी तो पूर्ण सुटत नाही. हायड्रोमीटर सेलमध्ये बुडवला आणि इतर सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी १.२५० असताना एकाची १.१८० दिसली, तर पुढची रात्र अंधारात जाण्याची शक्यता त्या एका सेलमध्ये आहे. मालिकेतला सगळ्यात कमकुवत सेलच हजार अँपिअरची वाट अडवतो.

दुसरी चूक उलट बाजूची. फ्लोट व्होल्टेज, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारं व्होल्टेज, जरा चढं ठेवलं आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीत एक अँपिअर जास्तीचा सतत जात राहिला, तर तो आतलं पाणी फोडतो. एका अँपिअर-तासाला प्रत्येक सेलमधलं ०.३४ ग्रॅम पाणी जातं. २४ व्होल्टच्या बॅटरीचे बारा सेल आणि वर्षाचे ८,७६० तास धरले, तर ३५ लिटर डिस्टिल्ड वॉटर वायू होऊन गेलं. त्यातून निघालेला हायड्रोजन ४४ घनमीटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण स्फोटक होतं, म्हणजे हा वायू साधारण ११०० घनमीटर हवा स्फोटक करायला पुरेसा. बंद बॅटरी-खोलीला एक्झॉस्ट पंखा लागतो तो यासाठीच.

त्यात भिलाईचा मे महिना आला. पारा ४५ला टेकतो. तापमानाच्या दर दहा अंश वाढीमागे लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून तापमान वाढलं की फ्लोट व्होल्टेज उतरवावं लागतं, दर सेलला दर अंशामागे सुमारे ३ मिलिव्होल्ट. बारा सेलच्या बँकेला २५ अंशांना २७ व्होल्ट लागतात. ४५ अंशांना २६.३ पुरतात. पाऊण व्होल्टाहूनही थोडा कमी फरक. पण हाच फरक वर्षानुवर्षे रोज चोवीस तास लागू राहिला की तीच बॅटरी दुप्पट टिकते किंवा निम्म्यात मरते. हे काम माणसाच्या हातून व्हायचं नाही. तापमानाचा सेन्सर चार्जरच्या पेटीत असून उपयोग नाही, तो बॅटरीच्या अंगाला लावलेला हवा.

म्हणून भरलेली बॅटरी राखणारा आणि उतरलेली लवकर भरणारा फ्लोट-कम-बूस्ट चार्जर घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला सेल्फचे अँपिअर सांगत बसू नका, चार आकडे सांगा: बॅटरी किती अँपिअर-तासांची, सेल किती, सतत चालणारा भार किती, खोलीचं तापमान किती. पाण्याच्या बॅटरीला क्षमतेच्या दहा टक्के करंट अधिक सततचा भार, हा हिशेब बहुतेक ठिकाणी पुरतो; २०० अँपिअर-तासांना २० अँपिअर आणि वर तो भार. बॅटरीच्या दोन बँका असतील तर दोन वेगळे चार्जर घ्या, एकाच चार्जरच्या बिघाडाने दोन्ही बसू नयेत. चार्जर बंद पडल्याचा अलार्म माणसं असतात तिथे वाजायला हवा. आणि आठवड्याच्या चाचणीत फक्त इंजिन लागलं का ते पाहू नका. सेल्फ फिरताना व्होल्टेज किती खाली गेलं ते लिहून ठेवा. तो आकडा आठवड्यामागून आठवडा उतरत असेल, तर बॅटरी किंवा जोड संपत आल्याची सूचना तुम्हाला गरज पडण्याआधीच मिळालेली असते.