सिंधी टाका शिका, हिशेबही शिका

वस्तीतल्या शिवणवर्गांत फॉल-पिको, परकर, ब्लाऊज यांच्या जोडीला भरतकामही शिकवले जाते. त्यातला एक देखणा प्रकार म्हणजे सिंधी टाका. काही ठिकाणी त्याला कच्छी टाकाही म्हणतात.

हा टाका सिंध आणि कच्छ भागातला. कच्छमध्ये भरतकाम पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या समाजांत मेघवाळ समाज आहे. गुजरातमध्ये तो अनुसूचित जातीत मोडतो. पुरुष चामड्याचे काम किंवा विणकाम करणार, बायका भरतकाम करणार, अशी त्यांची घरे. १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधील थरपारकर भागातून कच्छमध्ये आलेल्या कुटुंबांतही मेघवाळ होते. ज्यांना गावाने दूर ठेवले, त्यांच्या हातची कला आज मोठ्या दुकानांच्या काचेत दिसते. करणारीचे नाव मात्र तिथे क्वचितच असते.

आता टाक्याची रीत पाहू. कापड रिंगमध्ये ताठ बसवावे. साधारण एक सेंटिमीटर अंतराने दोन समांतर रेषा आखाव्यात. त्यांवर हेरिंगबोन टाक्याची एक ओळ घालावी. मग मधल्या मोकळ्या जागांत दुसरी ओळ घालावी. दोन ओळींचे धागे एकमेकांना ओलांडतात तिथे एकदा वरून, एकदा खालून असा क्रम ठेवावा. ही झाली चौकट. ती फार घट्ट ओढू नये. नंतर दुसऱ्या रंगाचा धागा या चौकटीतून वर-खाली गुंफत न्यावा. हा धागा फक्त सुरुवातीला आणि शेवटी कापडातून जातो. मधे सुई कापडाला टोचतच नाही. सुई नेढ्याच्या बाजूने सरकवली, तर आधीचा धागा चिरत नाही. चौकटीत एका जागी क्रम चुकला की पुढची गुंफण बसत नाही, म्हणून पहिल्या कामात घाई नको.

१९६९ च्या दुष्काळात कच्छमधील धाणेटी गावात चंदाबेन श्रॉफ यांनी बायकांना साड्यांवर भरतकामाचे काम दिले. त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. २००६ साली चंदाबेनना रोलेक्स पुरस्कार मिळाला. भगिनींनो, यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. हुन्नर त्या बायकांच्या बोटांत आधीपासूनच होता. नवे होते ते त्याचे पैसे मिळणे.

आपल्याकडेही प्रश्न तोच आहे. समजा, एका पिशवीला कापड आणि धागा मिळून ६० रुपये लागले, जाण्या-येण्याला १० रुपये. भरतकामाला १० तास गेले. दुकानदाराने २०० रुपये हातावर ठेवले. घरात वाटते, दोनशे आले! खर्च वजा करता उरले १३०, म्हणजे तासाला १३ रुपये. तासाला ५० रुपये धरले, तर त्याच पिशवीची किंमत ५७० रुपये होते. ‘घरबसल्या केले, त्याचे काय एवढे’ असे म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा.

त्यासाठी सुईदोऱ्याच्या डब्यात एक छोटी वही ठेवा. काम कधी सुरू केले, कधी उठलात, धागा कितीचा आणला, हे रोज लिहा. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून लिहून घ्या. चार-पाच जणी मिळून एकच दर ठरवा आणि त्याखाली कोणीही काम घेऊ नका. एकटीला दुकानदार परत पाठवील, पाच जणींना परत पाठवताना तो विचार करील.