पानिपतची थंडी, पानिपतचे ब्लँकेट

थंडीने ढेकूण मरत नाही, मंदावतो. तापमान साधारण १३ ते १५ अंशांच्या खाली गेले की त्याची वाढ थांबते, अंडी उबत नाहीत, आणि पूर्ण वाढलेले ढेकूण काही न खाता फटीत पडून राहतात. उन्हाळ्यात उपाशी ढेकूण काही महिन्यांत संपतो. गारठ्यात तोच वर्षभरही तग धरू शकतो. पानिपतला जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो आणि साध्या लॉजच्या किंवा धर्मशाळेच्या खोलीत हीटर नसतो. त्यामुळे जूनमध्ये जिथे रात्र काढणे अशक्य झाले असते, तीच खोली संक्रांतीच्या सुमारास निर्धोक वाटते.

फवारणीची औषधे हा या आठवड्याचा ठरलेला विषय पुढच्या भागावर जात आहे, कारण १४ जानेवारी जवळ आली आहे. १७६१च्या लढाईच्या या दिवशी काला आंबच्या स्मारकाशी महाराष्ट्रातून मंडळी जमतात, आणि परतताना बहुतेकांच्या हातात एक जाडजूड ब्लँकेट असते. जुन्या कपड्यांपासून बनलेल्या या ब्लँकेटमधून ढेकूण घरी येतात का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. दोन ओळींत उत्तर देऊन तो मिटवता येईल, पण त्यातून निघणारी गोष्ट फवारणीपेक्षा महत्त्वाची आहे.

पानिपतच्या धंद्याबद्दलचे अर्धे ऐकीव खरे आहे. अमेरिका, युरोप आणि इतर श्रीमंत देशांत टाकून दिलेले लोकरी कपडे जहाजांनी कांडला बंदरात उतरतात आणि तिथून पानिपतला पोहोचतात. तिथे रंगांनुसार वेगवेगळे ढीग होतात, बटणे आणि चेन काढल्या जातात, कापड कापले जाते आणि यंत्रात पिंजून त्याचा पुन्हा तंतू होतो. या तंतूच्या सुताला ‘शॉडी’ म्हणतात. भूकंप-पुरानंतर वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे वर्षानुवर्षे याच सुताची होती. आता पॉलिस्टरच्या मऊ ‘मिंक’ ब्लँकेटांनी त्यांची बरीच जागा घेतली आहे. त्यांचा जुन्या कपड्यांशी संबंधही नाही.

पण शॉडीवरचा संशयही अन्यायाचाच आहे. ढेकूण कापड खात नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मोठे होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक कातीआधी रक्त हवे असते. गठ्ठ्यात बांधलेल्या, समुद्रावर आणि गोदामात पडून राहिलेल्या कपड्यांत ते मिळत नाही, आणि चुकून एखादा जगलाच तरी पिंजणयंत्रातून तो सुटणे नाही. दुकानातले बंद पिशवीतले नवे ब्लँकेट म्हणूनच जवळपास निर्दोष असते. ते दोषी ठरते ते रात्री लॉजच्या पलंगावर उघडून पांघरल्यावर. ढेकणाचा मुक्काम माणूस झोपतो त्याच्या हातभर अंतरात असतो, आणि धोका तिथेच शोधावा लागतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. उशीकडच्या कोपऱ्यातली चादर उचलून गादीच्या कडेची गोठ मोबाइलच्या उजेडात पाहावी. मोठा ढेकूण पाच मिलिमीटरच्या आसपास असतो, अंडे जेमतेम एक मिलिमीटर आणि पांढरे. पण जिवंत किडा दिसण्याआधी सापडतात ते त्याच्या विष्ठेचे काळे ठिपके; ओल्या बोटाने पुसले की ते तांबूस-तपकिरी फराटतात. मग पलंगाच्या डोक्याकडची फळी, तिचे स्क्रू, भिंतीतली खिळ्याची भोके. जुने एटीएम कार्ड सांध्यात फिरवले तर आत दडलेले बाहेर पडतात. कार्ड जाते त्या फटीत उपाशी ढेकूणही जातो. झेलम एक्स्प्रेससारख्या लांबच्या गाडीत रेक्झिनच्या शिवणी आणि बर्थचे बिजागर पाहावे. रेल्वेची ब्लँकेटे महिन्यातून किमान एकदा धुतली जातात, असे २०२४मध्ये लोकसभेत सांगण्यात आले; तरी ती आपल्या चादरीच्या वरच ठेवलेली बरी.

जी. टी. रोडवरच्या ढाब्यांवर अजून खाट दिसते, म्हणजे आपली बाज. तिचे विणलेले सुंभ ढेकणांना फटींचे आगरच. आपल्याकडेही बाज भर उन्हात टाकून, आपटून, तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतायची रीत होती. ती शास्त्राला धरून आहे, फक्त पाणी सांध्यात पोहोचेपर्यंत कढत राहिले पाहिजे. खाटेच्या पायांखाली वाट्या ठेवण्याची रीत मात्र जरा तपासून घ्यावी लागते. परदेशात अशा खोलगट, गुळगुळीत, कोरड्या वाट्या सापळा म्हणून विकल्या जातात, कारण थंड देशांतल्या ढेकणाला त्यांच्या भिंती चढवत नाहीत. भारतात सर्वाधिक आढळणारी जात वेगळी, उष्ण प्रदेशातली. तिच्या पायांच्या टोकाला चिकट केसांची गादी अधिक दाट असते, आणि ती त्या भिंती सहज चढून जाते. म्हणून इथे वाटीत पाणी किंवा तेल हवेच. शिवाय पांघरूण जमिनीला आणि खाट भिंतीला टेकता कामा नये. लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात झोपतात ते मत्कुणांच्या, म्हणजे ढेकणांच्या, धास्तीने, अशी थट्टा एका जुन्या संस्कृत सुभाषितात आहे. त्यातला पाण्याचा उपाय पक्का. हिमालयाचा, वर सांगितल्याप्रमाणे, अर्धाच.

खोलीत बॅग पलंगावर किंवा त्याच्या खाली ठेवू नये. टेबल किंवा न्हाणीघराचा कोरडा कोपरा बरा. अंगावरून उतरवलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावेत. न धुतलेल्या कपड्यांच्या पिशवीकडे ढेकूण स्वच्छ कपड्यांच्या दुप्पट संख्येने जातात, असे शेफिल्ड विद्यापीठाच्या २०१७च्या प्रयोगात दिसले. माणूस खोलीत नसला तरी त्याचा वास कपड्यांत असतो.

घरी परतल्यावर बॅग बाल्कनीतच उघडावी. सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. ते सोसणार नाही अशा कपड्यांच्या शिवणींवरून, कापडाला चालेल तितकी गरम इस्त्री सावकाश फिरवावी. ४८ अंशांवर मोठे ढेकूण वीसेक मिनिटांत मरतात, अंड्यांना मात्र दीड तास लागतो. इथेच ब्लँकेट अडचणीचे ठरते. घडी घातलेल्या ब्लँकेटचा गाभा जानेवारीच्या उन्हात तेवढा तापतच नाही, आणि नुसते दोरीवर टाकले तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. लॉजमध्ये वापरलेले ब्लँकेट लेबल पाहून ड्रायक्लीनिंगला द्यावे किंवा जाड पिशवीत हवाबंद बांधून ठेवावे. मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात ते काळ्या प्लास्टिकमध्ये एका पदरात पसरून दुपारभर तापवता येते.

पानिपतला चावा जाणवला नाही, म्हणून बॅग मोकळी आहे असे ठरत नाही. कित्येकांच्या अंगावर चाव्याची खूणही उठत नाही. शिवाय गारठ्यात न उबलेले अंडे महाराष्ट्रातल्या उबदार घरात सहा ते दहा दिवसांत फुटते, आणि पिल्लाला मोठे व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. जानेवारीच्या मध्यावर परतलेल्यांनी मार्चच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला गादीची गोठ आणि बॅगेची चेन पाहत राहावे.