आधी पाणी, मग वल्हे, मग गळ
दमणगंगेच्या परिसरात कयाकमधून मासेमारीची सुरुवात

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत उगम पावलेली दमणगंगा सुमारे १३१ किलोमीटरचा प्रवास करून दमण येथे अरबी समुद्राला मिळते. वाटेत मधुबन धरणाच्या भिंतीने तिला अडविले आहे. तिथे तयार झालेला विस्तीर्ण जलाशय दादरा-नगर हवेलीच्या डोंगरांतून दूरवर पसरला आहे. सिल्वासाहून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या दुधनीला आपल्यापैकी बहुतेकांनी सहकुटुंब जाऊन नौकाविहाराचा आनंद घेतलेला असेल. खानवेलची साकरतोड नदीही आपल्या सहलींच्या परिचयाची आहे. असे जलवैभव दाराशी असताना, गेल्या काही वर्षांत जगभर लोकप्रिय झालेला एक छंद इथेही रुजावा अशी इच्छा अनेक तरुण डॉक्टर मित्रांच्या मनात येऊ लागली आहे. तो छंद म्हणजे कयाकमधून गळाने मासे धरणे. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या काळजीत असणाऱ्या घरच्यांसाठीही, हा लेखनप्रपंच.

कयाक हा शब्द आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांचा. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही अरुंद होडी बनवीत आणि तिच्यातून शिकार करीत. म्हणजे क्रीडेसाठी नव्हे, तर उदरनिर्वाहासाठीच तिचा जन्म झाला. आज मासेमारीसाठी वापरली जाणारी कयाक बहुधा पॉलिइथिलीनची असते. आपल्या छपरावरील पाण्याची टाकी ज्या रीतीने, साचा फिरवत ठेवून, घडविली जाते त्याच रीतीने तीही घडते. हवेलीच्या औद्योगिक वसाहतींत वावरणाऱ्या वाचकांना ही प्रक्रिया नवी नाही.

साधनांची निवड

नवशिक्याने वर बसण्याची, म्हणजे उघड्या पृष्ठभागाची कयाक निवडावी. तिच्या तळाला आरपार छिद्रे असतात, त्यामुळे आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही. दहा ते बारा फूट लांबी आणि तीस इंचांहून अधिक रुंदी असली की शांत जलाशयावर पुरेसे स्थैर्य मिळते. कयाकची भारक्षमता पाहताना आपले वजन आणि सामानाचे वजन मिळून त्या क्षमतेच्या दोनतृतीयांशाच्या आतच ठेवावे. दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे साधारणतः २२० ते २४० सेंटिमीटर लांबीचे लागते आणि ते दोरीने कयाकला बांधलेले असावे. वल्हे वाहून गेले की होडी केवळ एक तरंगता ओंडका उरते.

गळाचे साहित्य साधेच बरे. सहा ते सात फुटांची हलकी काठी, एक रीळ, मध्यम जाडीचा दोरा आणि मोजके गळ पुरेत. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा निसटण्याची शक्यता थोडी वाढते, परंतु गळ बोटात रुतला तर तो सहज निघतो आणि सोडून द्यायचा मासाही फारशी इजा न होता परत जातो. आपल्याकडील जलाशयांत सोडले जाणारे रोहू, कटला आणि मृगळ कणकेच्या गोळ्याला येतात. मरळ मात्र शिकारी मासा. तो काठालगतच्या पाणवनस्पतींत दबा धरून असतो. तिथे मोठी होडी जाऊ शकत नाही. आवाज न करता उथळ पाण्यात सरकणारी कयाक मात्र जाते, आणि हेच तिचे खरे वैशिष्ट्य आहे.

शिकण्याचा क्रम

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना गळ घरीच ठेवावा. छातीइतक्या पाण्यात, काठाजवळ, सोबत्याच्या देखरेखीखाली कयाक मुद्दाम उलटवावी, ती पुन्हा सरळ करावी आणि वर चढण्याचा सराव करावा. दोन्ही हात कयाकवर आडवे टाकून पायांनी पाणी मारायचे, शरीर पृष्ठभागावर आले की पोटावर आडवे पडायचे, मग कुशीवर वळून बसायचे. ही कृती थकलेल्या अवस्थेतही जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नये. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळलेले असावे. आसनामागे ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही, मग पोहण्यात कितीही प्रावीण्य असो.

दुसरा धडा वाऱ्याचा. सकाळी आरशासारखा दिसणारा जलाशय दुपारी खवळू शकतो. म्हणून पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. जाताना वाऱ्याविरुद्ध वल्हवावे, म्हणजे दमल्यावर परतीला वारा साथ देतो. नांगर टाकायचा तर तो कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधावा. मध्यभागी, बाजूला बांधलेला नांगर लाटेच्या एका धक्क्यासरशी होडी उलटवू शकतो. वाहत्या नदीत तर नवशिक्याने नांगर टाकूच नये.

तिसरा धडा ऋतूचा. जून ते सप्टेंबर हा काळ या छंदासाठी वर्ज्य मानावा. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या पात्रातील पाणी अल्पावधीत चढते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत अनुकूल. उन्हाळ्यात पातळी उतरली की एरवी पाण्याखाली असलेले खडक व झाडांचे बुंधे वर येतात. ते पाहून ठेवणे मात्र पुढच्या हंगामासाठी उपयोगी पडते.

वैद्यकीय बाजू

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. आपल्या हाती असा रुग्ण येतो तेव्हा निर्णायक मिनिटे बहुधा निघून गेलेली असतात. म्हणून काठावरच्या माणसाला काय येते, हे रुग्णालयातील साधनांइतकेच महत्त्वाचे ठरते. बुडालेल्याचे हृदय थांबते ते मुख्यतः प्राणवायूच्या अभावी, म्हणून त्याला प्रथम कृत्रिम श्वास द्यावेत आणि लगोलग छातीवर दाब सुरू करावा. पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढण्याची जुनी रीत वेळ दवडते आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढविते. शुद्धीवर आलेल्या व्यक्तीलाही काही तास निरीक्षणाखाली ठेवावे.

इतर दुखापती लहान असतात, पण दुर्लक्षिण्याजोग्या नसतात. शिंगाळ्यासारख्या माशाचा काटा लागला तर जखम धुऊन ती सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावीच. डोळ्यात गळ गेल्यास तो ओढू नये. डोळ्यावर दाब न देता आच्छादन घालून नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. साधा चष्मा हा अपघात टाळू शकतो. दक्षिण गुजरात आणि कोकण या दोन्ही प्रदेशांत लेप्टोस्पायरोसिस आढळतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नये आणि त्यानंतर ताप आल्यास पाण्याशी आलेला संबंध डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

धरलेला मासा खायचा की नाही, हा प्रश्न पाण्याच्या जागेवर अवलंबून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ मधील प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत दमणगंगेचा समावेश होता. औद्योगिक पट्ट्यालगतच्या खालच्या पात्रातील मासा ताटात न घेणेच शहाणपणाचे.

ज्यांचे हे पाणी आहे

मधुबनचा जलाशय निर्माण झाला तेव्हा काही गावे आणि शेते पाण्याखाली गेली. त्या काठांवर आजही आदिवासी कुटुंबे राहतात आणि काहींचे पोट मासळीवर चालते. वारली चित्रकलेत जाळे हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे, हे डहाणू तालुक्यातील पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्या मासेमारीच्या चित्रांतून जगाने पाहिले. आपला छंद हा त्यांचा चरितार्थ आहे, याचे भान सुटू नये. जाळ्यांच्या बोयांपासून दूर राहावे, दोऱ्याचे तुकडे पाण्यात टाकू नयेत, गरजेपुरताच मासा ठेवावा. जलाशयात मासे धरण्याचे हक्क आणि होडी उतरविण्याची परवानगी यांविषयी स्थानिक प्रशासनाच्या मत्स्य विभागाकडे आधी चौकशी करावी. मगर आहे का, कुठे भोवरा आहे, कुठे जुनी विहीर बुडालेली आहे, ही माहिती कोणत्याही नकाशापेक्षा काठावरचा मच्छीमार अधिक खात्रीने देतो. त्याला मोबदला देऊन पहिल्या फेऱ्यांना सोबत घेतले तर दोघांचेही हित साधते.

या संदर्भात एक सूचना करावीशी वाटते. येत्या हिवाळ्यात आपल्या संघटनेने दुधनीच्या काठी एका सकाळी प्रशिक्षण आयोजित करावे. बुडणाऱ्याला वाचविण्याचे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे शिक्षण आपण तेथील नावाडी व मच्छीमार बांधवांना द्यावे आणि वारा, पाणी व मासा यांचे शिक्षण त्यांच्याकडून घ्यावे. त्यातून कयाक चालविणारे चार डॉक्टर तयार झाले तर आनंदच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, जिथे रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतो त्या काठावर योग्य वेळी योग्य कृती करणारे दहा हात कायमचे उभे राहतील.