अंगठा कागदावरचा आणि काचेवरचा

हाती कागद नाही म्हणजे करारच नाही, अशी समजूत कामगारांत फार दिवसांची आहे. मालकांनाही ती सोयीची वाटते. पण 1872 च्या करार कायद्याने प्रत्येक करार लिहूनच झाला पाहिजे असे म्हटलेले नाही. एकाने काम देऊ केले, दुसऱ्याने राजीखुशीने पत्करले आणि मोबदला ठरला, की करार झाला. केळीचे घड कापायला निघालेला मजूर मुकादमाला ‘येतो’ म्हणतो, तोही करारच होय. मग मोबाईलवरच्या संदेशाला ‘येतो’ असे उत्तर दिले, तर तो करार का होऊ नये?

यंत्रावरून झालेल्या कराराचा एक प्रश्न आपल्या शेजारच्या खामगावच्या व्यवहारातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1959 साली सरकीच्या ढेपेचा सौदा अहमदाबाद आणि खामगाव यांच्यामध्ये टेलिफोनवर झाला आणि पुढे फिसकटला. वाद होता तो करार कोणत्या गावी झाला याचा. होकार जेथे ऐकू आला तेथे, म्हणजे अहमदाबादला, असा निकाल 1965 साली लागला. तो व्यापाऱ्यांचा सौदा होता. पण करार कायदा व्यापाऱ्याला एक आणि कामगाराला एक असा नाही.

पुढे 2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. करार केवळ इलेक्ट्रॉनिक साधनाने झाला एवढ्याच कारणाने तो रद्द ठरत नाही, असे कलम त्यात 2009 पासून अंमलात आहे. मृत्युपत्रासारखे काही दस्त या कायद्यातून वगळले आहेत. नोकरीचा करार वगळलेला नाही.

सहीचे प्रकार मात्र नीट ओळखले पाहिजेत. परवानाधारक संस्थेच्या प्रमाणपत्रावरची डिजिटल सही आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येऊन होणारी ई-सही, या दोन्हींना कायदा हातच्या सहीइतका मान देतो. नुसते टाईप केलेले नाव किंवा ‘मान्य’ या शब्दावर दाबलेले बोट निरर्थक नसते. पण ते कोणाचे, हे सिद्ध करावे लागते.

खरी लढाई येथेच आहे. करार वैध असणे वेगळे आणि तो न्यायालयात शाबीत होणे वेगळे. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात चित्रफितींच्या पुराव्याचा वाद झाला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. मूळ यंत्रच मालकाने हजर करून साक्ष दिली, तर ते लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्यावर आता तज्ज्ञाचीही सही लागते.

याचा कामगाराला अर्थ असा की, ज्या मोबाईलवर नेमणुकीचा, पगाराचा किंवा कामावरून काढल्याचा संदेश आला, तो मोबाईल हाच त्याचा दस्तऐवज. वाद मिटेपर्यंत तो विकू नये, संदेश पुसू नये. पडद्याचा फोटो ही प्रतच होय, मूळ नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पूर्वी कोऱ्या कागदावर अंगठे घेत आणि वरचा मजकूर मागाहून भरत. आज मुकादम म्हणतो, ‘नंबर आला असेल, सांग.’ तो नंबर म्हणजेच अंगठा. त्या एका नंबराने राजीनाम्यावरही सही होऊ शकते. फसवून किंवा धाक घालून घेतलेली संमती करार कायद्याप्रमाणे फसलेल्याला रद्द करून घेता येते. पण फसवणूक शाबीत करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर येतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते मागून घ्या; मोबाईलवर आले तर जपून ठेवा. मजकूर वाचता येत नसेल, तर जाणत्याकडून वाचून घ्या आणि मगच बोट लावा. सही कागदावरची असो की काचेवरची, ती आपण समजून केलेली असावी, आणि तिची एक प्रत आपल्या हाती असावी.